मदत हवी आहे: फिरत्या अंतराळवस्तीतला चेंडू (आणि थोडं मांडणीबद्दल)

नमस्कार मंडळी,

नोकरी सांभाळून विज्ञानकथा लिहितो आणि पुस्तकंही स्वतःच काढतो. म्हणजे लेखक, संपादक, मुद्रितशोधक सगळा मीच. त्यामुळे चूक दाखवणारं कुणी नसतं.

नवी लघुकादंबरी एका चक्राकार अंतराळवस्तीत घडते. त्रिज्या २२४ मीटर, मिनिटाला २ फेरे. कडेवर जवळपास पृथ्वीइतकंच वजन जाणवतं. इथवर ठीक. एका प्रसंगात एक मुलगी चेंडू सरळ वर फेकते. तो तिच्या हातात परत न येता वस्ती फिरते त्या दिशेला थोडा पुढे पडतो. सेकंदाला ५ मीटर वेगाने फेकला तर माझ्या हिशोबाने साधारण ३५ सेंटिमीटर पुढे. भौतिकशास्त्रवाल्यांपैकी कुणी हे तपासून देईल का? हवा वस्तीबरोबरच फिरतेय, तिचा फरक कितपत धरावा?

खरी पंचाईत वेगळीच आहे. हे समजावायला मी दीड पान खर्च केलंय आणि तिथे गोष्ट ठप्प होते. मला वाटतं मुलीने चेंडू हुकवावा, भावाने हसावं, बस्स. पण विज्ञानाची अजिबात आवड नसलेल्या दोघा-तिघांनी ते प्रकरण वाचून सांगावं, कुठे कंटाळा आला ते. स्तुती नको, झोडपा.

जाता जाता: पीडीएफ करताना माझी जोडाक्षरं फुटतात, 'क्ष'चा पाय मोडून 'क्‌ष' होतो. युनिकोड फॉन्टच वापरतोय. मांडणीसाठी तुम्ही कोणतं सॉफ्टवेअर वापरता?