कंपाइल होतं, लिंक होत नाही
कॉर्टेक्स-एम४ (एआरएमचा मायक्रोकंट्रोलर प्रोसेसर) साठी सगळ्या फाइली बिनबोभाट कंपाइल होतात आणि लिंकर (कंपाइल झालेल्या फाइली जोडून एक प्रोग्राम बनवणारा) ‘यूझेस व्हीएफपी रजिस्टर आर्ग्युमेंट्स’ म्हणत अडून बसतो, म्हणजे लायब्ररी गहाळ नाहीये. काही ऑब्जेक्ट फाइली (कंपाइलरने बनवलेल्या ‘.ओ’ फाइली) हार्ड-फ्लोटच्या आहेत, काही सॉफ्टच्या. पहिल्या फंक्शनला दिलेली फ्लोट (दशांश) आर्ग्युमेंट एस० या फ्लोटिंग-पॉइंट रजिस्टरमधून पाठवतात, दुसऱ्या आर० या साध्या रजिस्टरमधून. लिंकर त्यांची गाठ मारणार कशी? प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलीवर ‘रीडएल्फ -ए’ (कॅपिटल ए; फाइलीची माहिती दाखवणारी कमांड) चालवा. ‘टॅग_एबीआय_व्हीएफपी_आर्ग्स’ ही ओळ ज्या फाइलीत नाही, ती सॉफ्ट.

माझे दोन दिवस गेले ते भलतीकडेच. ‘-एमफ्लोट-एबीआय=हार्ड’ हा हार्ड-फ्लोटचा फ्लॅग मेकफाइलच्या फक्त सीफ्लॅग्समध्ये (कंपाइलचे पर्याय) होता, एलडीफ्लॅग्समध्ये (लिंकचे पर्याय) नाही. लिंक करतानाही जीसीसी हे फ्लॅग बघूनच कुठली लिबसी (सीची स्टँडर्ड लायब्ररी) उचलायची ते ठरवतो. दोन्हीकडे टाका, -एमसीपीयू (प्रोसेसर) आणि -एमएफपीयू (फ्लोटिंग-पॉइंट युनिट) या फ्लॅगसकट. आणि आधी मेक क्लीन करा, जुन्या ‘.ओ’ फाइली फार दगा देतात.