मदत हवी आहे: स्पीडमास्टरची तपकिरी डायल आपोआप झालेली की कोणी केलेली?

नमस्कार मंडळी,

ओमेगा स्पीडमास्टर प्रोफेशनल (मॉडेल क्रमांक १४५.०२२-६९) हे जुनं मनगटी घड्याळ घ्यायचा विचार जवळजवळ पक्का झाला आहे. आत ८६१ कॅलिबरचं मशीन आहे. मूळची काळी तबकडी पालटून तपकिरी झाली आहे, म्हणजे संग्राहक जिला ‘ट्रॉपिकल डायल’ म्हणतात ती. काळ्या डायलच्या अशाच घड्याळापेक्षा विक्रेता बरेच जास्त पैसे मागतो आहे. ते जास्तीचे पैसे निव्वळ रंगाचे आहेत, म्हणून रंगाची खात्री करून घ्यायची आहे.

माझी समजूत अशी: त्या काळातल्या काही डायलींचा काळा रंग टिकाऊ निघाला नाही आणि ऊन, उष्णता, दमटपणा यांनी तो वर्षानुवर्षं उतरत गेला. रोलेक्सच्या सबमरिनर ५५१३ आणि जीएमटी-मास्टर १६७५ या घड्याळांमध्येही हे दिसतं. कारखान्याच्या लेखी हा दोषच होता. सर्व्हिसिंगला आलेल्या घड्याळांतून अशा कितीतरी डायली काढून नव्या बसवल्या गेल्या, त्यामुळे उरलेल्यांचं मोल वाढलं. मला मात्र ती किमतीसाठी नको आहे. एकाच साच्यातून निघालेल्या दोन डायली पन्नास वर्षांनी एकमेकींसारख्या राहत नाहीत, हे मला फार सुंदर वाटतं.

भीती वाटायचं कारणही आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हातल्या लिलावात तपकिरी डायलची सीके २९१५-१ ही स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेली. २०२३ मध्ये खुद्द ओमेगाने जाहीर केलं की ते घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून केलेलं होतं. आणि ते विकत घेणारी ओमेगाच होती! कंपनीच फसू शकते, तिथे माझ्यासारख्याने कशाच्या भरवशावर राहायचं?

विक्रेत्याच्या फोटोंत जे दिसतं ते सांगतो. डायल केसबाहेर (म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाबाहेर) काढून घेतलेल्या फोटोत अगदी कडेला बारीक काळपट वर्तुळ आहे. तिन्ही छोट्या डायली बाकीच्या भागापेक्षा किंचित गडद आहेत. खुणांवरचा चमकणारा रंग पिवळट आहे, काट्यांवरचा मात्र पांढरा. ४ आणि ५ च्या मध्ये बारीक ठिपके आहेत. ओमेगाच्या दप्तरातला उतारा सोबत आहे, पण त्यात मशीनचा क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि घड्याळ कोणत्या देशात गेलं एवढंच आहे. डायलबद्दल अवाक्षर नाही.

हा रंग नैसर्गिक वाटतो का? आणि ते ठिपके चालवून घ्यावेत का?

प्रतिसाद १

कडेचं काळपट वर्तुळ ही चांगली खूण आहे. तो भाग केसच्या कडेखाली झाकलेला असतो, तिथे प्रकाश पोचत नाही. डायल भट्टीत तापवली असती तर कडही सारखीच पालटली असती. पण एवढ्यावर थांबू नका. केसमध्येच ठेवून अतिनील दिव्याखाली भाजलेल्या डायलीलाही असं वर्तुळ राहू शकतं. म्हणून डायलच्या उलट बाजूचा फोटो मागा. धातूवर तापल्याचे डाग, पायांपाशी (डायल मशीनवर बसवायच्या मागच्या खुंट्यांपाशी) ताजा डाख किंवा गोंद दिसला तर सोडून द्या.

दुसरं, फोटो कुठल्या उजेडात काढले आहेत? कडक उन्हात चॉकलेटी दिसणाऱ्या कित्येक डायली घरात नुसत्या मळकट काळ्या दिसतात. खिडकीजवळ सावलीत, कुठलाही फिल्टर न लावता काढलेला फोटो पाहिल्याशिवाय जास्तीचे पैसे देऊ नयेत. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

६ च्या खाली ‘टी स्विस मेड टी’ असं छापलेलं असायला हवं. ते दोन ‘टी’ ट्रिटियमचे, म्हणजे त्या चमकणाऱ्या रंगातल्या किरणोत्सारी द्रव्याचे. ट्रिटियमचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं, तेव्हा इतक्या काळानंतर तो रंग अंधारात स्वतःहून जवळजवळ चमकत नाही. अतिनील टॉर्च मारा. उजळून लगेच विझला तर जुना समजा. टॉर्च बंद केल्यावर मिनिटभर चांगला चमकत राहिला तर नंतर कोणीतरी नवा भरला आहे. डायल आणि काटे वेगवेगळे तपासा. काटे बहुधा सर्व्हिसिंगमध्ये बदलले असावेत. त्यात डायलची काही चूक नाही, पण किंमत त्या मानाने उतरायला हवी.

प्रतिसाद २

मला ते ठिपके खटकतात. खालचं बटण ४ च्या जवळच असतं आणि पाणी शिरायची ती नेहमीची वाट आहे. दहापट भिंगाखाली बघा. थर सपाट असेल आणि फक्त रंग उतरला असेल तर हरकत नाही. फुगला असेल, पोपडे सुटत असतील, तर ते पाण्याने झालेलं नुकसान आहे आणि ते वाढू शकतं. त्याच बाजूला मशीनचे स्क्रू गंजले आहेत का, तेही विचारा.

घेतलंत तर सर्व्हिसिंगला देताना ‘डायल व काटे बदलू नयेत, पुसू नयेत’ असं लेखी द्या. घड्याळ उन्हात ठेवू नका, हा बदल उलटा फिरत नाही.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सावलीतला, उलट बाजूचा आणि ४ जवळचा मोठा केलेला असे तीन फोटो मागितले आहेत. ते द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार करणार नाही.

एक प्रश्न उरला. सगळं बरोबर निघालं, तर त्याच काळातले पिवळट पडलेले ट्रिटियमचे काटे शोधून बसवावेत का? डायलला ते शोभतील, पण मग हे घड्याळही थोडं जुळवलेलंच होईल, अशी टोचणी लागते. आहेत ते पांढरे काटे निदान त्याच्या खऱ्या आयुष्यात कधीतरी लागलेले आहेत. तुम्ही काय केलं असतं?

प्रतिसाद १

तसेच ठेवले असते. बसवलेच, तर काढलेले काटे पुडीत घालून तारखेच्या चिठ्ठीसह घड्याळासोबत ठेवा, म्हणजे पुढच्या मालकाला खरं काय ते कळेल.