मॉडेलला ढग कळत नाहीत, म्हणून एल निनो थोतांड?

मांजराकाठचा (लातूर): काल एक पोस्ट फिरली: "हवामानाच्या मॉडेलला साधा ढग कळत नाही. म्हणजे एल निनो हे एसीत बसणाऱ्यांचं थोतांड, आपली नक्षत्रं बरी." राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो. एल निनो म्हणजे पॅसिफिक महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी दर काही वर्षांनी नेहमीपेक्षा जास्त तापणं; तेव्हा आपला पावसाळा बऱ्याचदा कमी पडतो.

ढगांचं दुखणं खरं आहे. मॉडेल म्हणजे पृथ्वीच्या चौकटी पाडून संगणकावर मांडलेलं हवामानाचं गणित. एकेक चौकट पन्नास-शंभर किलोमीटरची, ढग एक-दोन किलोमीटरचा. तो सूत्रानं अंदाजे बसवावा लागतो. पण चूक नेमकी कुठं होते ते तरी बघा. पॅसिफिकच्या मध्यावर पाणी तापलं की उंच ढग चढतात, ऊन अडवतात, तापणं आवरतं. पेरूच्या बाजूला उलटं. थंड पाण्यावर पसरलेले खालचे ढग पाणी तापल्यावर विरतात आणि ऊन आणखी आत येतं. बऱ्याच मॉडेलांत विषुववृत्तावरचा, पेरूकडून पसरलेला थंड पाण्याचा पट्टा जास्तच थंड आणि पश्चिमेला लांबलेला असतो. मग जिथं ढगांनी लगाम खेचायचा, तिथं ते टाच मारतात. खरं तर पाणी तापलं की वारे मंदावतात आणि तापणं आणखी वाढतं; मॉडेलांत वाऱ्याचा हा प्रतिसाद मात्र कमी पडतो. दोन्ही चुका एकमेकींना झाकतात आणि एल निनोची ताकद बरोबर दिसते. टीका करायची तर इथं करा ना.

कोरडवाहू (परभणी): पोस्ट माझीच. म्हणजे रीत चूक, उत्तर बरोबर! आमच्या मास्तरांनी भोपळा दिला असता. 1997 ला एवढा मोठा एल निनो, तरी देशात पाऊस सरासरीएवढा. आन् 2023 चा ऑगस्ट? सोयाबीन फुलात असताना करपलं. कुणी सांगितलं होतं?

मांजराकाठचा: हवामान खात्यानं 31 जुलैलाच ऑगस्ट सरासरीपेक्षा कमी म्हणून सांगितलं होतं. एवढा कोरडा, 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा, हे नव्हतं सांगितलं, कबूल. 1997 ला हिंद महासागराचा पश्चिम भाग तापला होता, त्यानं सावरलं. आणि 2015 चा एल निनो विसरलात? पुढच्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही रांगेत होतो.

कोरडवाहू: ते पाणी एल निनोनं नाही, उसानं पळवलं.

निवृत्त भूगोलवाला (नांदेड): ऊस बाजूला ठेवा. ढगांमुळं ऊन आणि उष्णतेत पडणारा फरक मॉडेलमध्ये मुद्दाम गोठवून, म्हणजे पाणी तापलं तरी बदलू न देता, बघतात. अमेरिकेतल्या एका मॉडेलवर 2019 साली तसं केलं, तर एल निनोची दोन ते सात वर्षांची लय जाऊन दशकांची झाली. हॅम्बुर्गच्या मॉडेलवर काम करणाऱ्यांना दिसलं की ढगांची उष्णता अडवण्याची करामत वाऱ्यांशी जोडलेली असली की एल निनोचा जोर दुप्पट किंवा जास्त होतो. म्हणजे ढग हा किरकोळ तपशील नाही, लयच त्यांच्या हातात. मांजराकाठचे, "दुखणं खरं आहे" एवढ्यावर भागत नाही.

बालाघाटी (बीड): सर, ढग एवढे अवघड, तर 2015 ला कृत्रिम पावसाची विमानं कशाच्या भरवशावर उडवली? अख्खं गाव माळवदावर चढलं होतं. विमान आमच्यावरून गेलं, पाऊस पडला जालन्याकडं!

गोदाकाठ (जालना): कोणता पाऊस हो? आमच्याकडं धूळ बसली नाही. उलट विमानानं ढग पांगवले असंच बोलत होते लोक.

निवृत्त भूगोलवाला: विमान ढग पांगवत नाही. सोलापूरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं बीज (पाऊस पाडायला विमानातून सोडलेले क्षारांचे कण) टाकलेले आणि न टाकलेले ढग तपासले, सुमारे 18 टक्के जास्त पाऊस मिळाला.

कोरडवाहू: 18 टक्के कशाचे? ढगच नसले तर शून्याचे 18 टक्के शून्यच.

निवृत्त भूगोलवाला: हे मात्र बरोबर बोललात. सवयीच्या विरुद्ध.

बालाघाटी: सर, टोमणे राहू द्या. त्या पैशात आमच्या तालुक्यातले पाझर तलाव गाळमुक्त झाले असते.

गोदाकाठ: आणि गाळ नेला असता कोणी? तुमच्याच पुढाऱ्यांनी वीटभट्टीला.

बालाघाटी: जालन्याच्या माणसानं वीटभट्टीवर बोलावं!

मांजराकाठचा: मंडळी, धागा पॅसिफिकचा आहे.

कोरडवाहू: असू द्या. बरं, 1997 चं पटलं. थोतांड मागं घेतो, अर्धवट म्हणतो. पण आर्द्रा कोरड्या गेल्या तर दुबार पेरणीचं बियाणं तुम्ही पाठवायचं, मांजराकाठचे. पत्ता इनबॉक्सात टाकतो.