मदत हवी आहे : जलसंजीवनीतील ग्लुकोज पेशीत कसे शिरते, हे वर्गात कसे दाखवावे?

नमस्कार. मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. परासरण समजावताना पाण्यात फुगलेले बेदाणे साखरेच्या घट्ट पाकात पुन्हा आकसतात, एवढे दाखवले की पुरते. अडचण येते ती सक्रिय परिवहनापाशी, म्हणजे ऊर्जा खर्चून पदार्थ कमी प्रमाणाकडून जास्त प्रमाणाकडे, जणू चढावर, नेण्यापाशी. त्यासाठी मी जलसंजीवनीचे उदाहरण घेते, कारण १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचे द्रावण पाजून किती जीव वाचवले, हे मुलांना कळलेच पाहिजे असे मला वाटते.

आतड्याच्या पेशीतील पंप एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून ३ सोडियम आयन बाहेर टाकतो व २ पोटॅशियम आयन आत घेतो; त्यामुळे पेशीत सोडियम कमी राहते, आणि आतड्याच्या पोकळीतून आत येणारे सोडियम एका वाहक प्रथिनामार्फत ग्लुकोजलाही सोबत आणते. पाणी त्यांच्यामागून येते.

यावर एका विद्यार्थिनीने विचारले, की ते वाहक प्रथिन स्वतः एटीपी वापरत नसेल, तर या परिवहनाला सक्रिय का म्हणायचे? 'दुय्यम सक्रिय परिवहन' हे नाव सांगून तिचे समाधान झाले नाही, आणि खरे तर माझेही नाही. पंपाने भरलेल्या उंचावरील टाकीची उपमा मी दिली. तिच्यातून साठवलेली ऊर्जा कळते, परंतु एका पदार्थाच्या उतारावर दुसरा पदार्थ चढ कसा चढतो, हे कळत नाही.

आपल्यापैकी कोणी यासाठी साध्या साहित्यातून प्रतिकृती किंवा प्रात्यक्षिक केले असल्यास कृपया सविस्तर कळवावे.