आत्याचा सर्व्हर आणि मोबाईलवर न दिसणारं पान

आत्या: कोणी जागं आहे का? फोटोंचा अल्बम ठेवायला सर्व्हर करतेय. जुन्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्स) होतंच, त्यावर वेबपानं दाखवणारं अपाचे टाकलं. लॅपटॉपवर पान झकास उघडतंय, मोबाईलवर मात्र ढिम्म.

दादा: मोबाईलवर पत्ता काय टाकलास?

आत्या: तोच की. १२७.०.०.१

दादा: 😄 तिथेच माशी शिंकली. तो पत्ता म्हणजे 'मी स्वतः'. मोबाईलवर टाकलास की मोबाईल स्वतःच्याच पोटात सर्व्हर शोधतो. लॅपटॉपच्या टर्मिनलवर होस्टनेम लिही, मग स्पेस, डॅश आणि कॅपिटल आय.

आत्या: १९२.१६८ पासून सुरू होणारा आकडा आला.

दादा: तो टाक. दोन्ही एकाच वायफायवर हवेत. आणि पुढे एचटीटीपी लिही, एस नको. सुरक्षित जोडणीचं सर्टिफिकेट कुठे लावलंयस अजून.

आत्या: आलं!!! 💃

काका: वा ताई! पण एनजिनएक्स नावाचा दुसरा सर्व्हर जास्त वेगवान म्हणे. तेही टाकून ठेव.

दादा: काका, नको. दोघांनाही मुळात ८० नंबरचंच पोर्ट, म्हणजे आत येण्याचं दार, लागतं. एकाने धरलं की दुसरा सुरूच होत नाही, आणि मग आत्या रात्रभर चूक शोधत बसेल. घरातल्या चार फोनांना कसला आलाय वेग?

काका: बरं बाबा.

आत्या: आता अल्बम उघडला तर ४०३, फॉरबिडन, म्हणजे परवानगीच नाही! फोटो माझ्या होम फोल्डरमध्ये आहेत, सर्व्हरच्या फोल्डरात नुसती लिंक टाकली. दोनदा जागा कशाला अडवायची?

छोटी: चमॉड ७७७ कर ना आत्या, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, सगळे तेच सांगतात

दादा: ए, गप्प बस. आत्या, काही करू नकोस. अपाचेच्या एरर लॉगची, म्हणजे चुकांच्या नोंदीची, शेवटची ओळ वाच.

आत्या: 'सिंबॉलिक लिंक नॉट अलाऊड ऑर लिंक टार्गेट नॉट ॲक्सेसिबल'

दादा: वाटलंच. लिंक चालत नाही किंवा तिच्या मागच्या फाइलपर्यंत पोचता येत नाही, असं म्हणतंय. अपाचे तुझ्या नावाने चालत नाही, त्याचा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाचा वेगळा युजर असतो. हल्लीच्या उबुंटूत होम फोल्डरची परवानगी ७५०, म्हणजे परक्याला उंबरठाच ओलांडता येत नाही. आतले फोटो वाचायला मोकळे असले तरी काय उपयोग? आणि ७७७ केलंस तर मशीनवरचा कुठलाही प्रोग्राम फाइली बदलू शकेल. लिंक काढ. फोटो व्हारमधल्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूच्या एचटीएमएल फोल्डरात सुडो (ॲडमिनचा हक्क) लावून कॉपी कर. परवानगी फोल्डरला ७५५, फाइलला ६४४, म्हणजे वाचतील सगळे, बदलेल फक्त मालक.

काका: मला इकडून कधी दिसणार?

दादा: १९२.१६८ चा पत्ता घराबाहेर चालत नाही. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करावं लागेल, म्हणजे बाहेरून लॅपटॉपपर्यंत वाट द्यावी लागेल, पण आज नाही. दार उघडलं की अनोळखी बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) कड्या वाजवायला लागतात. आधी अपडेट, सर्टिफिकेट आणि अल्बमला पासवर्ड.

काका: तोवर इथेच टाका की दोन फोटो.

आत्या: दिसले रे! सगळे दिसले. फक्त एक आडवा दिसतोय, त्याला कुठली परवानगी लागते?

दादा: कुठलीच नाही. तो काकांनी काढलाय.