ट्रायकोग्रामा म्हणजे माशी नव्हे

ट्रायकोकार्ड म्हणजे पिकावरची कीड रोखायला शेतात लावायचं कार्ड; त्यावरच्या पतंगाच्या अंड्यांत ट्रायकोग्रामा हे किडे वाढवलेले असतात. कुणी या कार्डमधून निघणाऱ्या किड्यांना 'बारीक माश्या' म्हटलंय. दिसतात तशाच, पण माशीला पंख दोन, यांना चार. मुंग्या-मधमाश्यांच्या गणातल्या या गांधीलमाश्या, कुळ ट्रायकोग्रामॅटिडी. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर.

कुळ ओळखायची खूण पायात. चॅल्सिड या बारीक गांधीलमाश्यांच्या मोठ्या गटातल्या बहुतेकांच्या पावलाला चार किंवा पाच पेरं असतात, यांना तीनच. ट्रायकोग्रामाच्या पुढच्या पंखावर केसांच्या ओळी असतात, नावही त्यावरूनच. मादीची मिशी टोकाला गदेसारखी फुगीर, नराच्या मिशीवर लांब केस. मादी अंडनलिकेने पतंगाच्या अंड्याला भोक पाडून आत आपलं अंडं घालते, म्हणून पतंगाची अळी जन्मतच नाही.

खरी डोकेदुखी जाती ओळखण्यात. रंग बेभरवशाचा, तापमानानुसार बदलतो. 1971 मध्ये नागरकट्टी आणि नागराजा या कीटकशास्त्रज्ञांनी नराच्या जननेंद्रियाची रचना हाच पक्का निकष असल्याचं दाखवलं. म्हणजे नर सापडला नाही तर नुसती मादी बघून नाव सांगणं कठीण! आपल्याकडे उसाच्या खोडकिडीवर सोडतात ती जात बहुधा 'किलोनिस'. कार्डावर मात्र तांदळाच्या पतंगाची, म्हणजे कॉर्सायराची, अंडी चिकटवलेली असतात.