न विचारता दिलेला सल्ला मुलं ऐकतात का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, रामबागेतले. मुलगा ३१ वर्षांचा, नोकरी सोडून मित्राबरोबर खाण्याचं दुकान काढतोय. मीच उघडून दिलेलं त्याचं पीपीएफ (सरकारी बचत योजनेचं) खातं पिकलंय, १५ वर्षं झाली. सगळे पैसे दुकानात घालणार म्हणे! परवा रात्री सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खाताना एवढंच बोललो, "अरे, खातं आणखी ५ वर्षं वाढवता येतं, थोडे राहू दे." लगेच मुलगी, "बाबा, विचारलं कुणी?" (खरंय म्हणा, न विचारता सांगायचा माझा हा गुण आमच्या आईचा.) त्याला अडवायचं नाहीये. फक्त वर्षभराचा घरखर्च बाजूला काढून ठेव, हे त्याचं मन न मोडता कसं सांगू? कुणाच्या घरी असं बोलणं जमलंय का?